गाडीच्या पोटातली जाळी

आण्णा कायमचे घरी आले तेव्हा आमच्या घराला पुरुषाची सवय नव्हती. विट्याच्या आसपासच्या गावांत यात नवल काही नाही. अर्ध्या गावाचे कर्ते पुरुष गलाईच्या धंद्यात, कुठल्या कुठल्या परमुलखात सोनं आटवत बसलेले असतात. जुने दागिने वितळवायचे, तेजाबानं त्यातली भेसळ काढायची आणि चोख सोनं सराफाच्या हातात द्यायचं, हा तो धंदा. माझे वडील, म्हणजे आण्णा, दक्षिणेतल्या एका बंदराच्या गावी होते. जत्रेला आणि लग्नसराईत यायचे, केळ्याचे वेफर्स आणि लुंग्या आणायचे, चार दिवस पाहुण्यासारखे राहायचे आणि जायचे. बाकी वर्षभर शेत, म्हशी, भाऊबंदांशी भांडणं आणि माझी शाळा, सगळं आईच्या हाती. ती मोठ्यानं बोलायची, भूक लागली की कुणाची वाट न बघता जेवायची आणि डोक्यावरचा पदर वाऱ्यानं पडला तर पडू द्यायची. आण्णा आले आणि पदर डोक्यावर गेला. आई त्यांच्या मागून जेवायला लागली. मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होते, दर शनिवारी एसटीनं घरी यायचे आणि दर शनिवारी मला वाटायचं की आपण दुसऱ्याच कुणाच्या घरी आलोय. मला ते मुळीच आवडत नव्हतं.

ते आले ते छातीचं दुखणं घेऊनच. तेजाबात धातू विरघळताना तांबूस लाल धूर निघतो. दुकानात त्यासाठी धुराडं असतं, पण दुकान म्हणजे सराफ कट्ट्यातली एक कोंदट खोली. धूर निम्मा धुराड्यात जातो आणि निम्मा माणसात. इतकी वर्षं त्या खोलीत काढल्यावर आण्णांच्या श्वासाला शीळ लागली होती. अंगणात पाऊल टाकलं की आधी तो श्वास ऐकू यायचा, मग सोप्यात उशीला टेकून बसलेले आण्णा दिसायचे. म्हशीची धार काढतानासुद्धा आईचा एक कान सोप्याकडे असायचा. शीळ बारीक झाली की तिचे हात पुन्हा चालू व्हायचे. रात्रंदिवस घरात तो एकच आवाज, आणि आम्ही सगळे त्याच्या तालावर हळू बोलायला शिकलो.

मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की यांच्या छातीत हवा जाते, पण बाहेर येताना अडकते. जुनी हवा साठून राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. फुप्फुसं पुन्हा पहिल्यासारखी होणार नाहीत, आता फक्त जपायचं, आणि धूर म्हणून कसला जवळ येऊ द्यायचा नाही. आईनं ते कोर्टाच्या निकालासारखं घेतलं. चूल विझली, गॅस आला. देवापुढची उदबत्ती गेली. फोडणी द्यायची ती मागच्या पडवीत, दार लावून. आण्णांना हुलग्याचं माडगं आवडायचं, ते ती सकाळ-संध्याकाळ वाटीभर पुढ्यात ठेवायची आणि वाटी बहुतेक वेळा निम्मी भरलेलीच परत यायची. आण्णांनी सोनं आटवायच्या मुशी आणि सांडश्यांची पेटी दुकानातून बरोबर आणली होती. ती तिनं शेतातल्या खोपीत नेऊन टाकली आणि त्यांच्याकडून शपथ घेतली.

"भट्टीला हात लावायचा न्हाई. माज्या गळ्याला हात लावून सांगा."

"न्हाई लावत," आण्णा म्हणाले. हात गळ्यापर्यंत न्यायलाही त्यांना दम लागला.

मिरजेच्या फेऱ्यांसाठी म्हणून गाडी घेतली. एसटीच्या गर्दीत त्यांना बसवणं शक्यच नव्हतं. आण्णांच्या मुंबईतल्या एका चुलतभावानं आपली छोटी पांढरी गाडी विकायला काढली होती, ती आण्णांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे तात्या, जाऊन घेऊन आले. तात्या शेती बघायचे, ट्रॅक्टर चालवायचे, आणि कुठलंही यंत्र आपल्याला घाबरतं असा त्यांचा समज होता. मुंबईच्या भावानं बजावलं होतं की या गाडीत बिनशिशाचं पेट्रोलच घालायचं, तिच्या पोटात धूर साफ करणारं एक यंत्र आहे. आता कुठलंही पेट्रोल घ्या, त्यात शिसं नसतं, पण तेव्हा ते नवीन नवीन मोठ्या शहरांत आलं होतं. आमच्याकडच्या पंपावर साधंच मिळायचं. पंपावर एक अडचण निघाली. चुकून कुणी साधं पेट्रोल घालू नये म्हणून या गाडीच्या टाकीचं तोंडच अरुंद केलेलं होतं, साध्या पेट्रोलची नळी त्यात शिरेना. तात्यांनी घरून रॉकेलचं नरसाळं नेलं आणि काम भागवलं. पुढं ते नरसाळं गाडीच्या डिकीतच राहायला लागलं. गाडी बनवणाऱ्यांची चूक आपण कशी निस्तरली हे ते आल्यागेल्याला सांगत.

काही महिन्यांत गाडीचा जोर ओसरायला लागला. आधी चढावर, मग सपाटीलाही. तासगावच्या रस्त्यावर उसाचा भरलेला ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला तेव्हा तात्या ट्रॅक्टरवाल्याकडे बघायचं टाळून आरशात बघत राहिले. मधूनच इंजिन अडखळायचं, गचके द्यायचं, मागून कुजक्या अंड्यासारखा वास यायचा आणि पायाखालचा पत्रा इतका तापायचा की आई पाय वर घेऊन बसायची. शेवटी मिरजेहून येताना विट्याच्या अलीकडे गाडीनं मानच टाकली. ढकलत गॅरेजला नेली. आण्णा आत बसूनच होते. मिस्त्री गाडीखाली शिरला, ठोकून बघितलं, धुराच्या नळाच्या मधला फुगीर डबा सोडवून बाहेर काढला आणि कानाशी धरून हलवला. आत खुळखुळ वाजलं.

"तात्या, कॅटॅलायझर गेलाय ह्यो. आतली जाळी वितळून तोंड बंद झालंय. इंजान हवा घेतंय, पर सोडायला वाट न्हाई त्येला. नवा घालायचा म्हणला तर लय म्हाग. आतलं फोडून टाकतो, मोकळा डबा परत बसिवतो. सगळी तसंच करत्यात."

"फोड की मग," तात्या म्हणाले.

मिस्त्रीनं छिन्नी घातली. डब्यातून करड्या मातीच्या भाजक्या तुकड्यांचा ढीग पडला. तुकड्यांना मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक बारीक घरं होती, काही ठिकाणी वितळून काचेसारखी झालेली. मिस्त्रीच्या पोरानं केरसुणी उचलली. तेवढ्यात गाडीचं दार उघडलं आणि आण्णा स्वतःच्या पायांनी उतरले.

"थांब गड्या. लोटू नगंस." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल जमिनीवर पसरला. "सगळं ह्यात भर. भुगा बी."

गलाईवाल्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही यात काही विचित्र वाटणार नाही. ही माणसं दुकानातला केर वर्षानुवर्षं पोत्यात भरून ठेवतात, हात धुतलेलं पाणी निवळत ठेवतात, कामाचे जुने कपडे जाळून त्यांची राख आटवतात. धातू फेकणं त्यांच्या हातून होतच नाही. अन्न टाकताना आपला हात अडखळतो, तसा त्यांचा धातूपाशी अडखळतो. आण्णांनी मांडीवर ते गाठोडं घेतलं आणि घरी येईपर्यंत त्यावरचा हात काढला नाही.

त्या संध्याकाळी सोप्यात त्यांनी आम्हाला समजावलं. बंदराच्या गावी परदेशी गाड्यांचं भंगार यायचं, तिथं एका भंगारवाल्यानं त्यांना असा तुकडा दाखवला होता. वाक्यावाक्याला थांबत ते बोलत होते, पण आल्यापासून इतकं सलग ते पहिल्यांदाच बोलत होते. "इंजानात पेट्रोल सगळं जळत न्हाई. अर्दवट जळल्याला धूर इखारी असतो. त्यो ह्या घरातनं जातो. घरांच्या भिंतीला प्लाटिनम लावल्यालं हाय, हळदीचा हात फिरवावा तेवढंच. तिथं तापल्यावर इखारी धूर आन हवा एकमेकाला भेटत्यात, आन धुराचं इख मरतं. धातू काय खर्ची पडत न्हाई. सोयरीक जमिवनाऱ्यागत. दोन्हीकडच्या मान्सास्नी बसिवतो आन आपन तसाच उठून जातो."

"मग बिघडलं कसं?" मी विचारलं.

आण्णांनी एक तुकडा उजेडात धरला, नखानं खरवडला. "ह्यावर शिसं बसलंय. शिसं मी वळखतो. तात्या, पेट्रोल कंचं घालत हुतास रं?"

तात्यांनी नरसाळ्याची हकिकत सांगितली, या वेळी जरा खालच्या आवाजात. आण्णा रागावले नाहीत. शिशाचा थर चढला, धुराला धातूला टेकायला जागा राहिली नाही, आणि मग गचके खात न जळालेलं पेट्रोल इंजिनातून तसंच पुढं येऊन या जाळीत पेटलं, त्या आचेनं जाळी वितळून वाट बुजली, असं त्यांनी एकेक करून जुळवलं. मग टॉवेलची गाठ मारत म्हणाले, "हवा आत जाती, भाईर येत न्हाई. डाक्टर माजं जे सांगतो तेच ह्येचं झालं." तात्या उठून गोठ्याकडे गेले. आई भाकरीचं पीठ मळत होती, तिचे हात थांबले होते.

त्यानंतरच्या दिवसांत आण्णा बदलले. माडग्याची वाटी रिकामी परत यायला लागली. एक दिवस त्यांनी भाकरी मागून घेतली. मांडीवर सुपात तुकडे घेऊन ते खलबत्त्यात हळूहळू कुटायचे, चाळायचे, ओला हात फिरवून बघायचे. मी शनिवारी आले तेव्हा ते उशीला न टेकता बसले होते. त्यांच्या डोक्यात काय चाललंय हे सगळ्यांना कळत होतं. भट्टी पेटवायची, तेजाब ओतायचं आणि त्या मातीतून प्लॅटिनम काढून दाखवायचं. त्यांनी ते मागितलं नाही. शपथेनं बांधलेले, तोंडानं बोलले नाहीत, पण खोपीच्या दिशेनं बघत बसायचे. आईशी मी भांडले. म्हटलं, ती माती नेऊन विहिरीत टाक, नाहीतर हे एक दिवस जीव घालवतील. आई म्हशींना वैरण घालताना म्हणाली, "वरीसभर त्यो माणूस सोप्यात पडून मरायची वाट बघतोय. आता कुटायला तरी बसतोय. मी काय करू, सांग."

मी वैरणीची पेंढी सोडून तिच्या हातात देत राहिले.

पुढच्या शनिवारी तिनं खोपीतून पेटी परत आणली आणि आण्णांच्या पुढ्यात ठेवली. डोक्यावरचा पदर तिनं कमरेला खोचला होता. "भट्टी मी पेटिवते," ती म्हणाली. "तुमी हात लावायचा न्हाई, तुमची शपथ ऱ्हाती. तुमी लांब वाऱ्याच्या अंगाला बसून सांगायचं. मी करते."

आण्णा तिच्याकडे बघत राहिले. "तुला यायचं न्हाई ते."

"शिकीवलंसा तर ईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठच्या पडीक तुकड्यात आम्ही मांडामांड केली. तेजाबाच्या बाटल्या तात्यांनी विट्यातून आणून दिल्या आणि मी नाही त्यातला असं सांगून ते निघून गेले. पश्चिमेचा वारा होता. भट्टी उताराला, आणि आण्णांची बाज वर लिंबाखाली, वाऱ्याच्या बाजूला. स्वतः त्यांनी उभ्या जन्मात कधी तोंडाला फडकं बांधलं नसेल, पण आईच्या नाकातोंडावरचं ओलं फडकं त्यांनी पुन्हा पुन्हा सोडून बांधायला लावलं. त्यांना ओरडता येत नव्हतं. टॉवेल एकदा हलवला की थांब, दोनदा हलवला की चालू दे, असं ठरलं. बाकी सगळं मी धावत नेऊन पोचवायचं. मी एवढी कॉलेजात जाणारी बाई, आणि दिवसभर त्या दोघांचे निरोप घेऊन पळत होते.

तांबूस धूर उठला आणि वाऱ्याबरोबर ओढ्यापलीकडं गेला. आण्णा उठून उभे राहिले, मग खाली बसले. "रंग कसला आलाय इचार," त्यांनी मला पिटाळलं.

आईनं काचेच्या भांड्यात वाकून बघितलं. "त्यास्नी सांग, झेंडू चुरगाळल्यावर बोटाला लागतो तसला."

मी सांगितलं. आण्णांनी डोळे मिटले. "लय बरं. खाली पांढरं बसलंय का इचार."

"हाय की. नासल्या दुधाच्या चोथ्यागत."

"ते शिसं. ते हलवू नगं म्हणावं. वरचं तेवढं अलगद वतून घे."

असं चाललं. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्या दोघांमध्ये एका दिवसात इतके शब्द कधी झाले नसावेत, आणि तेही माझ्या तोंडून. आईचा हात स्थिर होता. ती दूध ओतते तसं तेजाब ओतत होती, काठाला लावून, थेंब न सांडता. लिंबाखालून आण्णा ते बघत होते, आणि एकदा मला म्हणाले, "तुज्या आईचा हात दुकानातल्या कुनाला न्हवता." मी हा निरोप नेला नाही. तो त्यांनी स्वतः सांगावा असं मला वाटलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा त्या झेंडूच्या पाण्यात आईनं नवसागर टाकला आणि तळाशी पिवळी पूड बसली. ती गाळली, थाळीत पसरून वाळवली. तांबडा धूर कधीच संपला होता. आता फक्त ती पूड तापवायची, पिवळेपणा उडून जायचा आणि धातू मागं राहायचा. आण्णा उठले आणि हळूहळू उतरून खाली आले. आईनं हात आडवा केला. "आवं, तितंच बसा."

"तांबडा धूर कुटं हाय आता? ह्ये नुस्तं वाळल्यालं हाय." ते तिच्या शेजारी उकिडवे बसले. चिमूटभर पूड त्यांनी बोटावर घेतली, चोळली, नाकाशी धरून बघितली. सोन्याच्या कामात जीव घेतो तो तांबडा धूर, हे त्यांना माहीत होतं. या धातूची पिवळी पूडच श्वासाची वैरी असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी ते पुढं खूप वर्षांनी वाचलं. आता गाडीच्या धुराची तपासणी करायला जाते, पोरगा मागच्या नळात सळई घालतो, आकडे बघतो आणि गाडी चांगली आहे म्हणतो, तेव्हा दर वेळी मला ती थाळी दिसते आणि मी त्या पोराशी उगाच तुटक बोलते.

आईनं मूस तापवली. पांढुरका, अगदी हलका धूर आला, तो आण्णांच्या चेहऱ्यावरून गेला. मुशीच्या तळाला करडी, भुसभुशीत चिमूट राहिली.

"ही तर राख," आई म्हणाली.

"तसलीच दिसती ती. हाच धातू." आण्णा हसले. तोंड उघडून, आवाज करून हसले. ते हसू संपता संपता खोकल्यात गेलं आणि खोकला थांबला नाही.

तात्यांना बोलावून गाडी काढली. डबा मोकळा झाल्यापासून ती भलतीच जोरात पळत होती, मागून ट्रकसारखा आवाज करत, काळा धूर सोडत. तासगाव कधी मागं गेलं कळलं नाही. आण्णांचे ओठ निळे पडले होते आणि आईनं त्यांना छातीशी उभं धरलं होतं. तिची मूठ वळलेली होती, तिच्यात ती चिमूट पुडीत बांधलेली होती, हे मला मिरजेत कळलं.

डॉक्टर चिडले. साहजिक होतं. "कुणी करू दिलं यांना हे?"

"त्येंनी न्हाई केलं, मी केलं," आई म्हणाली. डॉक्टरांना वाटलं ती नवऱ्याला पाठीशी घालतेय. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात ऑक्सिजनच्या नळ्या लावलेल्या आण्णांनी हात उचलून आईकडं बोट केलं आणि मान डोलावली. नंतर डॉक्टर गेल्यावर त्यांनी तिचा हात ओढून घेतला. तेजाब लागलेली बोटं पिवळी पडली होती, नखांपासून पेरांपर्यंत, गलाईवाल्यांची असतात तशी. ते डाग धुऊन जात नाहीत, कातडी बदलते तेव्हाच जातात. आण्णांनी एकेक बोट उजेडाकडे वळवून बघितलं आणि नळीच्या आड म्हणाले, "आता तुला कंच्याबी दुकानात ठिवून घेतील."

ते तिथून घरी आलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीच संपली होती, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. तात्या म्हणाले, पिवळ्या पुडीनं नेलं. अंत्यविधी उरकून पुरुष ओढ्यावरून परतले, तेव्हा तात्यांनी सगळ्यांदेखत आईला विचारलं, "वैनी, तुमी कशाला पेटिवलीसा ती भट्टी?"

आई म्हणाली, "ह्यो माणूस जलमभर काय काम करत हुता, ते मी कवा बघितलंच न्हवतं."

मग बायका पुढं झाल्या. त्यांनी तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. एका म्हाताऱ्या चुलत सासूला आईची पिवळी बोटं दिसली, तिला ती हळद वाटली. सवाष्णीची म्हणून तिनं तीही राखेनं घासायला घेतली. घासून घासून आईची बोटं लाल झाली, पिवळेपण तसंच राहिलं.

आईनं हात सोडवून घेतला. "ऱ्हाऊ द्या आत्ती," ती म्हणाली. "त्यो कामाचा डाग हाय."